तांबटाच्या घरातल्या गोगलगायी

कमरेच्या ऑपरेशनसाठी लेकीच्या गावी निघताना तांबटीणबाईंनी नवऱ्याला ज्या सूचना दिल्या, त्यांत त्याच्या जेवणाखाणाबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळ्या सूचना गोगलगायींच्या होत्या.

गाडी दाराशी उभी होती. लेक मागच्या सीटवर उशा रचत होती. आणि बाई, काठीवर सगळा भार टाकून, पुढच्या खोलीतल्या फिशटँकसमोरून हलायला तयार नव्हत्या.

"काकडी उकडून घाला. कच्ची नको. उरलेली संध्याकाळी आठवणीनं काढा, नाहीतर पाणी नासतं. वरचं झाकण उघडं टाकू नका, बाहेर येऊन पडतील. आणि हा वर काचेला गुलाबी पुंजका दिसतोय ना, तो घाण समजून खरवडायला जाऊ नका. अंडी आहेत ती."

"काय?"

"अंडी! अंडी आहेत!"

"ओरडतेस कशाला? ऐकू येतंय मला," तांबट म्हणाले.

ऐकू येत नव्हतं. उभा जन्म ज्याने तांब्याच्या पत्र्यावर हातोडी मारली, त्याचे कान म्हातारपणी शाबूत कसे राहणार? त्या गल्लीत एके काळी सकाळपासून असा ठणठणाट चाले की नवीन आलेल्या माणसाचं डोकं उठे, आणि गल्लीतली तान्ही पोरं मात्र त्याच आवाजात डाराडूर झोपत. सुट्टीच्या दिवशी हातोड्या थांबल्या की ती दचकून जागी होत आणि भोकाड पसरत. आता तिथे एकही तांबट उरला नव्हता. हे एकटे होते, आणि तेही नावापुरते. दुकान कधीच बंद झालं होतं. उरलेसुरले हंडे, कळश्या आणि घागरी पुढच्या खोलीतल्या फळीवर मांडून ठेवल्या होत्या. कोणी हौशी माणूस वाट चुकून आला, तर एखादं भांडं जाई.

त्यांचा उजवा कान पार गेला होता. डाव्यात थोडी धुगधुगी होती. बाई काही बोलल्या की तांबट विचारत, "काय?" बाई पुन्हा सांगत. ते पुन्हा विचारत, "काय?" मग बाई म्हणत, "काही नाही." त्या घरातली बहुतेक संभाषणं या "काही नाही"वर येऊन संपत.

लेक लग्न होऊन गेल्यावर तिचा रिकामा फिशटँक माळ्यावर धूळ खात पडला होता. बाईंनी तो उतरवला, धुतला, तळाशी खडे घातले, दोन पाणवनस्पती लावल्या आणि बाजारातून गोगलगायी आणल्या. मासे नकोत म्हणाल्या. "मासे नुसते पळापळ करतात, बघूनच दमायला होतं. या कशा, माझ्या चालीनं चालतात."

आणि मग त्यांनी नावं ठेवली. सगळ्यांत मोठी, सोनेरी शंखाची, ती सासूबाई. का, तर ती रोज सकाळी काचेच्या एका कोपऱ्यापासून निघे आणि दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत इंच न् इंच तपासत जाई. कुठे डाग राहिलाय का, कुठे कोणी कामचुकारपणा केलाय का. दोन तपकिरी पट्ट्यांच्या, त्या जावा. शेजारी शेजारी राहायच्या, पण तोंडं कायम उलट दिशेला. निळसर छोटी होती ती नणंद, कारण कामाला सगळ्यांत शेवटी आणि काकडीवर सगळ्यांत आधी. आणि कोपऱ्यात खड्यांवर दिवसभर पडून राहणारे ते मामंजी.

आपल्या आईचं नातं गोगलगायीला चिकटवलं म्हणून तांबट सुरुवातीला भडकले होते. पण एकदा चहा पिता पिता त्यांनी सोनेरी बाईंची ती तपासणी नीट पाहिली, आणि कप खाली ठेवून ते म्हणाले, "अगदी हुबेहूब." तो विषय तिथेच मिटला.

गाडी सुटता सुटता बाईंनी काचेतून हात बाहेर काढला आणि अजून काहीतरी सांगितलं.

"काय?"

गाडी निघून गेली होती.

घरात आल्यावर तांबटांची पहिली नजर गेली ती निळ्या बादलीवर. फिशटँकचं पाणी बदलायचं तर नळाचं पाणी आधी रात्रभर भरून ठेवायचं, आणि ते बाई या बादलीत ठेवत. प्लास्टिकची बादली. तांबटाच्या घरात प्लास्टिक! ज्या प्लास्टिकनं गल्लीतली एकेक भट्टी विझवली, तेच बायकोने हाताला धरून घरात आणलं होतं, तेही दुकानाला कुलूप लागलं त्याच सुमाराला. तेव्हा तांबटांनी आकाशपाताळ एक केलं होतं. "सवत आण एक वेळ, पण ही आणू नकोस," असंही बोलून गेले होते. बाईंनी ना वाद घातला ना डोळ्यांतून पाणी काढलं. एवढंच म्हणाल्या, "हलकी पडते." आणि बादली राहिली. बाथरूमच्या दारामागे, फक्त गोगलगायींच्या पाण्यासाठी. पण राहिली. तांबट येता-जाता तिच्याकडे असं बघत, जसं एखाद्याने न बोलावलेल्या पाहुण्याकडे बघावं.

आता बाई नव्हत्या. तांबटांनी बादली उचलली आणि शेजारच्या शिंप्याच्या दुकानात नेऊन ठेवली.

"घे. चिंध्या टाकायला होईल."

शिंपी त्यांचा जुना दोस्त. मशीनवरून मान वर न करता तो म्हणाला, "वहिनी गाडीत बसल्या न बसल्या तोच संसार वाटायला काढलास का?"

"काय?"

शिंप्याने मशीन थांबवलं आणि त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "म्हटलं, वहिनी विचारतील तर काय सांगू?"

"सांग, म्हाताऱ्याला अक्कल आली."

मग तांबटांनी फळीवरची कळशी उतरवली. ही त्यांनी कोणालाच विकली नव्हती. लेक झाली त्या वर्षी घडवलेली, पोटाला एकही सांधा नसलेली, आणि बाहेरून ठोक्यांची नक्षी अशी दाट आणि एकसारखी की मोजदाद करणाऱ्याने डोळे मिटावेत. लिंबू आणि मीठ लावून त्यांनी ती आतून-बाहेरून घासली. सकाळच्या उन्हात ठेवली तेव्हा छतावर तिचा तांबूस उजेड हलायला लागला. पाण्याच्या भांड्याला आतून कल्हई लावत नाहीत. तांबं पाण्याला थेट भिडलं पाहिजे, असं त्यांचे वडील सांगत. कळशीत रात्रभर पाणी राहिलं. दुसऱ्या दिवशी तांबटांनी फिशटँकमधलं जुनं पाणी बऱ्यापैकी काढलं आणि हे नवं, हळूहळू, धार धरून ओतलं.

"घ्या," ते सासूबाईंना म्हणाले. "पाणी कशाला म्हणतात ते कळेल आता."

सासूबाई काचेवर चालत होत्या. त्या थांबल्या. शिंगं आत गेली. मग त्यांनी काच सोडली आणि त्या टप्पकन खड्यांवर पडल्या.

संध्याकाळपर्यंत सगळ्याजणी आपापल्या शंखात शिरून, शंखाच्या तोंडावरचं कडक झाकण ओढून घेऊन बसल्या होत्या. काकडीची चकती तशीच्या तशी.

"तुझं तोंड बघून दारं लावून घेतली त्यांनी," शिंपी म्हणाला. तो संध्याकाळच्या चहाला येऊन बसला होता.

"तिची आठवण काढतायत," तांबट म्हणाले.

"गोगलगायी?"

"मग? रोज सकाळ-संध्याकाळ बोलायची त्यांच्याशी."

हे म्हणताना तांबटांच्या डोळ्यांसमोर बाई आल्या. काचेजवळ स्टूल ओढून बसलेल्या, ओठ हलतायत, मधेच हसतायत, मधेच मान हलवतायत. त्यांनी एकदा विचारलंही होतं, काय एवढं बोलतेस? बाई म्हणाल्या होत्या, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, पाणी पुरतं बदललं गेलं नसेल, जुन्या पाण्याची घाण राहिली असेल. त्यांनी पुन्हा कळशी घासली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. जावांपैकी एक काचेवरून वर वर चढत पाण्याबाहेर आली आणि झाकणाच्या कडेशी चिकटून राहिली, जणू घर सोडून निघाली होती. तांबटांनी तिला अलगद सोडवून पुन्हा पाण्यात ठेवलं. काळजी वाढत गेली तशी कळशी रोज रिकामी व्हायला लागली.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. लेकीचा फोन आला. ती बापाशी बोलायची म्हणजे निम्म्या गल्लीला ऐकू जायचं.

"बाबा! आई बरी आहे! पण घरी आल्यावर बरेच आठवडे पडून राहायला लागेल! पलंग पुढच्या खोलीत घ्या! ती म्हणते, फिशटँकजवळ!"

"घेतो, घेतो."

"ती म्हणते, गोगलगायी समोर असल्या की दिवस जातील! थांबा, तिला देते!"

बाईंचा आवाज बारीक झाला होता. तांबटांनी फोन डाव्या कानात जवळजवळ खुपसला.

"नणंदबाई काय करतायत?"

हा प्रश्न त्यांना स्वच्छ ऐकू आला. ऐकू आला नसता तर बरं झालं असतं. नणंद आदल्या सकाळी उताणी पडलेली सापडली होती, झाकण सुटलेलं. बाहेर काढली तर असा वास सुटला की शंकेला जागाच राहिली नाही. तांबटांनी तिला मागच्या कुंडीत पुरलं होतं आणि वर एक खडा ठेवला होता.

"निजलीय," ते म्हणाले.

"या वेळेला?"

"काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि फोन लेकीकडे गेला.

पलंग पुढच्या खोलीत आला. शिंप्याने एका बाजूने धरला, तांबटांनी दुसऱ्या. उशी फिशटँककडे तोंड करून लावली. तांबट त्या पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी काचेकडे पाहिलं. इथे ती आठवडेच्या आठवडे पडून राहणार. उठता येणार नाही, बसता येणार नाही. काचेत नुसते खडे असतील. आणि या बाजूला असेल हा म्हातारा, जो प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणणार. घरातलं सगळं "काही नाही" इतकी वर्षं कुठे जात होतं, ते त्यांना तिथे बसल्या बसल्या नीटच कळलं. ते इथे, या पाण्यात जात होतं. आणि हे पाणी त्यांच्या हातून मरायला लागलं होतं.

दुसरी जाऊ गेली. मामंजी गेल्याचं उशिराच कळलं, कारण जिवंतपणीही ते तसेच पडून असत.

बाई यायच्या आदल्या दिवशी एक नवराबायको दारात आले. नवीन लग्न झालेले दिसत होते. एकमेकांकडे बघून मगच बोलत. पाण्यासाठी तांब्याचं भांडं हवं होतं. शिंपी तिथेच चहा पीत बसला होता. खूप दिवसांनी गिऱ्हाईक आलेलं पाहून तांबटांची पाठ ताठ झाली. त्यांनी एक घागर उतरवली, बोटाने टिचकी मारली आणि नाद विरेपर्यंत थांबले. तो त्यांना ऐकू येत नसे. घागरीच्या काठावर ठेवलेल्या बोटांना कळत असे. मग त्यांनी आपलं नेहमीचं बोलणं सुरू केलं. वडिलांकडून उचललेलं, जन्मभर गिऱ्हाइकांना ऐकवलेलं, झोपेतही चुकलं नसतं असं.

"घरी नेऊन रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी बघा पाण्याला कशी चव येते. महिनाभर नाही धुतलं तरी आत शेवाळ धरणार नाही. तांबं आहे हे, प्लास्टिक नव्हे. यात जंतू राहत नाही, अळी राहत नाही, पाण्यातला एकही जीव..."

ते थांबले.

"एकही जीव?" मुलीने विचारलं.

तांबट घागर हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांची नजर गिऱ्हाइकावरून फिशटँककडे गेली, तिथून खाली ठेवलेल्या कळशीकडे, आणि पुन्हा फिशटँककडे. शिंप्याच्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला असावा, कारण त्याचा कप तोंडाशीच राहिला.

"आज बंद आहे," तांबट म्हणाले. त्यांनी घागर त्या मुलाच्या हातात दिली. "घेऊन जा. माणसाला चांगलीच आहे. जा."

ते दोघे गोंधळून निघून गेले.

"बादली दे," तांबट शिंप्याला म्हणाले.

"दिलेली वस्तू कोणी परत..." असं म्हणता म्हणता शिंप्याने मित्राचा चेहरा पाहिला आणि तो कप टाकून उठला. दुकानातल्या चिंध्या जमिनीवर ओतल्या गेल्या. बादली घरी आली. तांबटांनी ती नळाखाली धरली आणि कधी कोणत्या भांड्याला घासलं नसेल इतकी घासली.

पण पाणी एक रात्र ठेवायला हवं होतं, आणि फिशटँकमधलं तर आता क्षणभरही नको होतं. उरल्या होत्या सासूबाई आणि वर चढून पळू पाहणारी ती जाऊ. तांबटांनी त्यांना बाहेर काढलं. शंख नाकाशी नेला, वास नव्हता. चिनी मातीच्या बशीत ओलं फडकं अंथरून त्यांना ठेवलं, वरून दुसरं ओलं फडकं घातलं. पाणी सगळं फेकलं. खडे उपसून पुन्हा पुन्हा धुतले. फक्त वरच्या काचेवरच्या त्या गुलाबी पुंजक्याला हात लावला नाही, कारण तसं बजावलेलं होतं. तो पाण्याच्या वर होता. कळशीतला थेंबही त्याला लागला नव्हता.

शिंपी खडे धुऊ लागत होता. म्हणाला, "वहिनीला काय सांगशील?"

"काय?"

शिंप्याने ओल्या हाताने त्यांची मान आपल्याकडे वळवली. "म्हटलं, सांगशील काय?"

"कालपर्यंत ठरवलं होतं, म्हाताऱ्या होऊन गेल्या म्हणून सांगायचं."

"आणि आता?"

तांबटांनी कळशी उचलली आणि फळीवर, तोंड भिंतीकडे करून ठेवली.

बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. लेकीने आणि जावयाने त्यांना हलक्या हाताने पलंगावर निजवलं. कूस बदलता येत नव्हती, पण मान वळत होती. ती त्यांनी वळवली. स्वच्छ पाणी, धुतलेले खडे, कोपऱ्यात मिटलेल्या दोन शंखांची जोडी. बाकी काही नाही.

लेक चहा करायला आत गेली, जावई गाडी लावायला बाहेर. तांबट पलंगाशी उभे राहिले आणि बहिरी माणसं बोलतात तसे, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी मारल्या. तुझी बादली देऊन टाकली आणि कळशीतलं पाणी घातलं. रोज घातलं. जन्मभर लोकांना सांगत आलो तांब्यात जीव जगत नाही म्हणून, आणि मलाच कळलं नाही. नणंद निजली नव्हती, तेव्हाच गेली होती."

बाई काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

"काही ना..."

बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत तांबटांनी स्टूल ओढलं. त्याच स्टुलावर बाई गोगलगायींशी बोलायला बसत. ते त्यावर बसले, वाकले आणि त्यांनी डावा कान बायकोच्या तोंडाशी नेला. असं त्यांनी याआधी कधी केलं होतं, ते दोघांनाही आठवलं नसतं.

"बोल."

बाई म्हणाल्या, "पहिल्या आणल्या होत्या ना मी, त्याही अशाच गेल्या. सगळ्याच्या सगळ्या. तुमच्या घागरीतलं पाणी घातलं होतं."

"कधी?"

"दुकानाला कुलूप लावलंत तेव्हा. मी पुरल्या, दुसऱ्या आणल्या. तुम्हाला कळलंही नाही. तुम्ही तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचात."

"आणि बादली..."

"मग काय करणार होते?"

"मला सांगायचंस!"

"काय सांगायचं? धंदा बुडालेल्या माणसाला जाऊन सांगू, की तुमच्या तांब्यानं माझी जनावरं मारली? एवढंच राहिलं होतं तुमच्यापाशी, तांबं."

तांबट सरळ झाले. पुन्हा वाकले. "तू म्हणालीस, हलकी पडते."

"हलकी पडतेच की."

"आणि मी तुला काय काय बोललो."

"बोललात खरे. सवत काय, वैरीण काय." बाईंच्या डोळ्यांच्या कडेला हसू आलं. "मी यांना सांगितलं सगळं. सासूबाई तुमच्यावर फार चिडल्या होत्या."

तांबटांचे खांदे हलायला लागले. ते हसतायत की दुसरंच काही, हे आतून चहा घेऊन आलेल्या लेकीला कळलं नाही, म्हणून ती कप घेऊन तशीच दारात उभी राहिली.

"गाडी सुटताना तू काय सांगत होतीस?" तांबटांनी विचारलं.

"कळशीत पाणी ठेवू नका."

"मला ऐकू आलं नाही."

"माहीत होतं मला. पण गाडी थांबवून सगळ्यांसमोर सांगायला जीभ रेटली नाही. तेव्हा तुमचीच चूक कशाला म्हणायची? थोडी माझीही आहे."

पुढचे चार-दोन दिवस सासूबाई हलल्या नाहीत. तांबट रोज सकाळी शंख उचलून वास घेत आणि ठेवून देत. जाऊ आधी बाहेर आली. एक शिंग, मग दुसरं, मग काकडी. आणि एका सकाळी बाईंनी पलंगावरून हाक मारली. सासूबाई काचेवर होत्या. फार हळू, दोन बोटं चालल्या की थांबत होत्या, पण कोपऱ्यातून निघाल्या होत्या आणि तपासत येत होत्या.

गुलाबी पुंजका त्यानंतर फिकट झाला, खडबडीत झाला, आणि एक दिवस त्यातून राईच्या दाण्याएवढे शंख सुटून पाण्यात पडायला लागले. बाईंनी नावं ठेवायला घेतली. लेकीकडची सगळी माणसं संपली, शिंप्याच्या घरातलीही संपली, तरी गोगलगायी उरल्याच.

तांबट बाथरूममध्ये नळाखाली निळी बादली भरत होते. पुढच्या खोलीतून बाई काहीतरी बोलल्या. पाण्याच्या आवाजात त्यांना नुसती कुणकुण लागली. त्यांनी "काय?" म्हटलं नाही. नळ बंद केला, बादली खाली ठेवली आणि ओले हात पुसत ते तिच्याजवळ गेले.